डोपामिनच्या पेशी, पार्किन्सन आणि प्रयोगशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींवर काम करते. डोपामिन म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन. ते बनवणाऱ्या पेशी मेल्या की हात थरथरणं, हालचाल मंदावणं अशी लक्षणं दिसतात, तो आजार म्हणजे पार्किन्सन. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, संस्था बघायला येणारी मंडळी आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांमध्ये भेटणारे शुभार्थी (रुग्ण) व शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. मी उपचार करणारी डॉक्टर नाही. गोळी किती घ्यायची, कधी बदलायची हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

डोपामिनच्या पेशी मेंदूत असतात तरी कुठे?

मेंदूच्या बुडाशी, मध्यमेंदूत. तिथे उजवीकडे आणि डावीकडे एकेक काळसर पट्टा असतो, त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. पार्किन्सनमध्ये मुख्यतः याच पट्ट्यातल्या पेशी मरतात. पट्ट्याला काळा रंग येतो तो न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. डोपामिनचं रासायनिक रूपांतर होऊन हे रंगद्रव्य पेशीत साठत जातं, म्हणून लहान मुलात पट्टा फिकट असतो आणि वयाबरोबर गडद होतो.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहात मध्यमेंदूचे दोन काप शेजारी शेजारी ठेवलेले बघायला मिळाले तर जरूर बघा. निरोगी माणसाच्या कापात दोन्ही बाजूंना ठळक काळी रेघ दिसते. पार्किन्सन होऊन गेलेल्या माणसाच्या कापात ती पुसट झालेली असते, कधी शोधावी लागते. मायक्रोस्कोप लागतच नाही. पॅरिसमध्ये त्रेतियाकॉफ यांनी १९१९ साली आपल्या प्रबंधात हे नोंदवलं होतं, म्हणजे डोपामिनचं काम कळायच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यातल्या या पेशी फक्त काही लाख. एवढ्याशा पेशी गेल्या की शर्टाचं बटण लावणं अवघड होऊन बसतं.

मोबाइल बघताना वाढतं म्हणतात ते डोपामिन हेच का?

रसायन तेच, पेशी बऱ्याच अंशी शेजारच्या. नायग्राला लागूनच डोपामिनच्या पेशींचा आणखी एक समूह आहे आणि बक्षीस, हुरूप, सवय यांच्याशी त्याचा संबंध जास्त. पार्किन्सनमध्ये त्याला तुलनेनं कमी झळ लागते. ‘डोपामिन डिटॉक्स’ वगैरे जे चालतं त्याचा या आजाराशी काहीही संबंध नाही. मोबाइल जास्त बघितल्यानं पार्किन्सन होत नाही, हे मात्र नातवंडांना सांगू नका.

बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हाच कळलं. आधी काहीच कसं जाणवलं नाही?

कारण मेंदू बराच काळ भागवून घेतो. हालचालीतला दोष दिसायला लागतो तोवर नायग्रातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात आणि त्यांच्या तंतूंच्या टोकाशी पोहोचणारं डोपामिन त्याहूनही जास्त घटलेलं असतं. उरलेल्या पेशी जास्त डोपामिन सोडतात, पलीकडच्या पेशी थोड्यावर भागवतात.

आधीच्या खुणा असतात, पण त्या वेगळ्याच खात्यात मोडतात. वास कमी येणं, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा स्वप्नातली मारामारी खरीच हातपाय झाडून करणं. कोणी म्हातारपण म्हणतं, कोणी पित्त. अर्थात, बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला पुढे पार्किन्सन होतो असं मुळीच नाही.

मेंदूत इतक्या पेशी असताना नेमक्या याच का मरतात?

आमच्या क्षेत्रातला हा सगळ्यात मोठा प्रश्न. पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही, पण धागे बरेच हाती आले आहेत.

पहिला धागा पेशीच्या आकाराचा. नायग्रातल्या एका पेशीचा तंतू पुढे जाऊन इतका फुटतो, की उंदराच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्रयोगप्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये, एकाच पेशीच्या सगळ्या फांद्यांची लांबी जोडली तर ती सरासरी अर्ध्या मीटरच्या जवळ जाते. माणसात ती कितीतरी जास्त असणार. हा सगळा पसारा एका छोट्या पेशीनं पोसायचा, म्हणजे एका बिऱ्हाडाच्या मीटरवर अख्ख्या सोसायटीची वीज चालवण्यासारखं आहे.

दुसरा धागा, या पेशींना विश्रांती नाही. बाहेरून कोणी सांगितलं नाही तरी त्या स्वतःहून, संथ लयीत, सेकंदाला दोन-चार वेळा विद्युतस्पंद देत राहतात. प्रत्येक स्पंदाबरोबर कॅल्शियम आत येतं, ते बाहेर फेकायला ऊर्जा लागते आणि ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांवर, ताण येतो. तिसरा धागा डोपामिनचाच. नीट बंदिस्त पुड्यांमध्ये भरलं तर ते निरुपद्रवी, पण पेशीद्रवात मोकळं राहिलं तर त्याचं ऑक्सिडेशन होऊन त्रासदायक पदार्थ बनतात.

आणि चौथा धागा म्हणजे अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन. एरवी ते चेतापेशीच्या टोकाशी सुटं असतं. पार्किन्सनमध्ये त्याच्या गाठी होतात. फ्रेडरिक लुई यांनी १९१२ साली मायक्रोस्कोपखाली गोल ठिपके पाहिले होते, त्यांना लुई बॉडी म्हणतात. हे ठिपके मुख्यतः अल्फा-सिन्यूक्लिनचे असतात हे कळायला १९९७ साल उजाडलं. त्याच वर्षी या प्रथिनाच्या जनुकात बदल असलेली, पिढ्यानपिढ्या पार्किन्सन असलेली कुटुंबंही सापडली.

आता कॅल्शियमच्या धाग्याचं पुढे काय झालं ते ऐका, कारण या क्षेत्राचा स्वभाव त्यात दिसतो. कॅल्शियमची ती वाट अडवणारं इस्राडिपिन नावाचं रक्तदाबाचं जुनं औषध होतंच. प्राण्यांमध्ये त्यानं पेशी वाचल्या. मग अमेरिका आणि कॅनडातल्या ३३६ रुग्णांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२० साली निकाल आला: औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक नाही. डोस पुरेसा नव्हता का, उशीर झाला होता का, की मुळात कल्पनाच अपुरी होती, यावर अजून वाद चालू आहेत. माझ्या मते ‘उशीर’ हे सगळ्यात पटणारं कारण आहे, पण प्रत्येक फसलेल्या चाचणीला तेच कारण लावून मोकळं होणंही बरोबर नाही.

उंदरांना पार्किन्सन होतो का?

आपणहून होत नाही, तो करावा लागतो.

जुनी पद्धत ६-हायड्रॉक्सिडोपामिनची. डोपामिनसारखंच दिसणारं हे विष १९६८ पासून वापरात आहे. ते मेंदूच्या एका बाजूला टोचलं की त्या बाजूच्या पेशी मरतात आणि प्राणी एकाच दिशेनं गोल फिरायला लागतो. किती फिरला ते मोजायचं.

दुसऱ्या पद्धतीची गोष्ट प्रयोगशाळेत सुरूच झाली नाही. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे ताठ झाले. बोलता येईना, हलता येईना. विल्यम लँग्स्टन या न्यूरॉलॉजिस्टनी शोध घेतला तेव्हा कळलं, की सगळ्यांनी घरगुती पद्धतीनं बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं आणि ते बनवताना चुकून एमपीटीपी नावाचा पदार्थ तयार झाला होता. तो मेंदूत शिरतो, तिथलं एक विकर त्याचं विषात रूपांतर करतं, डोपामिन आत घेणारा पेशीचा दरवाजा त्या विषालाही आत घेतो आणि ते तंतुकणिकांचं काम बंद पाडतं. लेवोडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर डोपामिन बनणारं औषध, दिल्यावर ती माणसं हलू लागली. काही तरुणांच्या दुर्दैवातून संशोधनाला माकडं आणि उंदीर यांच्यात पार्किन्सनसारखी अवस्था निर्माण करायचं साधन मिळालं. गंमत म्हणजे रॅटवर याचा फारसा परिणाम होत नाही. उंदरांमध्येही जातीजातीत फरक पडतो.

मग उंदरात गुण आलेलं औषध माणसात का फसतं?

वरच्या उत्तरातच निम्मं कारण आहे. विषानं काही दिवसांत पेशी मारणं वेगळं आणि वीस वर्षं हळूहळू झिजणं वेगळं. औषध बऱ्याचदा विषाच्या आधी किंवा लगेच नंतर दिलेलं असतं. रुग्णाला ते निम्म्या पेशी गेल्यावर मिळतं. उंदीर जगतो जेमतेम दोन-अडीच वर्षं.

एक बारकावा मला फार आवडतो. माणसाच्या अल्फा-सिन्यूक्लिनमध्ये ५३व्या जागी एक विशिष्ट अमिनो आम्ल बदललं की पार्किन्सन होतो, १९९७ साली सापडलेला बदल तो हाच. उंदराच्या प्रथिनात त्या जागी हे ‘बदललेलं’ अमिनो आम्ल जन्मतःच असतं. उंदराला त्याचं काही होत नाही.

म्हणून वर्तमानपत्रात ‘पार्किन्सनवर उपाय सापडला’ असं वाचलं की आधी बघा, प्रयोग कशावर झाला: बशीतल्या पेशींवर, माशीवर, उंदरावर की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का? बातमीत हे लिहिलेलंच नसेल तर ती बाबांना फॉरवर्ड करायची घाई नको.

माशा आणि कृमी वापरून माणसाच्या मेंदूचं काय कळणार?

अपेक्षेपेक्षा खूप. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर कृमीत ३०२ चेतापेशी असतात, त्यातल्या डोपामिनच्या फक्त आठ. कृमी पारदर्शक आहे. त्या आठ पेशींत हिरवं चमकणारं प्रथिन घातलं तर जिवंत प्राण्यात कोणती पेशी कधी गेली ते थेट मोजता येतं.

फळमाशीत तर अल्फा-सिन्यूक्लिन मुळातच नसतं. २००० साली माणसाचं जनुक तिच्यात घातलं तेव्हा डोपामिनच्या पेशी घटल्या आणि माशीचं वर चढणं मंदावलं. चाचणी अगदी साधी: नळीत माशा घ्यायच्या, नळी टेबलावर आपटायची, सगळ्या तळाला जातात, मग ठरावीक सेकंदांत खुणेच्या रेघेवर किती पोहोचल्या ते मोजायचं. तरुण माशा भुर्रकन वर जातात. आजारी माशा तळाशीच घुटमळतात, अर्ध्यावर येऊन घसरतात. पिंक-१ आणि पार्किन ही कमी वयात होणाऱ्या पार्किन्सनची दोन जनुकं तंतुकणिका सुस्थितीत ठेवण्याच्या एकाच कामात साखळीनं काम करतात, हा मोठा शोध २००६ साली माशीतूनच आला.

बशीत मेंदूच्या पेशी वाढवता म्हणजे नेमकं काय करता?

शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या पेशी पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवल्या. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे आता त्वचेच्या किंवा रक्ताच्या नमुन्यापासून त्याच माणसाच्या डोपामिन पेशी बनवता येतात. गर्भात मध्यमेंदू घडताना जे रासायनिक संकेत मिळतात तेच आम्ही बशीत क्रमाक्रमानं द्यायचे. एखादा संकेत एक दिवस उशिरा दिला किंवा थोडा जास्त झाला, तर मध्यमेंदूऐवजी भलत्याच भागाच्या पेशी तयार होतात.

रोजचं काम म्हणाल तर निगराणीचं. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, आत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एक दिवसाआड बशीतलं अर्धं पोषकद्रव्य काढून ताजं घालायचं. सगळं एकदम बदललं तर पेशी तळापासून सुटून चादरीसारख्या गुंडाळून वर येतात आणि दोन महिन्यांचं काम सिंकमध्ये जातं. रविवार नाही, दिवाळी नाही. अनंत चतुर्दशीला रस्ते बंद व्हायच्या आत पहाटे येऊन पेशींना खाऊ घालून जाणारे आमच्याकडे आहेत. पावसाळ्यात बुरशीची धास्ती असते: पुण्याच्या जुलैच्या दमट हवेत दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की तिसऱ्या दिवशी बशीत पांढरे धागे.

पेशी जमल्या तर दीड-दोन महिन्यांनी त्यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात आणि इलेक्ट्रोडवर त्यांची ती संथ लय ऐकू येते. त्रुटी एकच, पण मोठी. सत्तर वर्षांच्या माणसापासून बनवलेली पेशीसुद्धा बशीत गर्भाच्या वयाची होते. म्हातारपणाच्या आजाराचा अभ्यास आम्ही तान्ह्या पेशींवर करतो आहोत.

सर्पगंधा, खाजकुइली यांचा या संशोधनाशी खरंच संबंध आहे?

आहे, आणि तो अभिमानानं फुगवून सांगायची गरज नाही इतका सरळ आहे. सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ही वनस्पती जगभर गेली. तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित झाले. मग लेवोडोपा टोचलं, आणि ते उठून फिरू लागले. रेसर्पिननं मेंदूतलं डोपामिन रिकामं केलं होतं आणि लेवोडोपानं ते भरून काढलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पुढे व्हिएन्नात हॉर्निकीविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं १९६० साली दाखवलं, आणि १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या, हळूहळू वाढवत नेलेल्या डोसचा उपयोग सिद्ध केला. आजची गोळी म्हणजे तेच लेवोडोपा, सोबत ते वाटेतच खर्च होऊ नये म्हणून कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड.

खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपा नैसर्गिकरीत्या असतं, चांगल्यापैकी असतं. म्हणूनच जपून. बीपरत्वे प्रमाण बदलतं आणि गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर एकूण डोस वाढून अंग वेडंवाकडं हलायला लागू शकतं. घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टपासून लपवू नका. तसंच, प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेनं आत जातात, म्हणून गोळी डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर घेतली की काहींना असर कमी जाणवतो. वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

आईला चक्करेच्या गोळीनंतर कंप सुरू झाला. ते पार्किन्सनच का?

हा प्रयोगशाळेचा प्रश्न नाही, पण इतक्या वेळा येतो की टाळवत नाही. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, पोटासाठी दिलं जाणारं लेवोसल्पिराइड, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधं डोपामिनची वाट अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं आणू शकतात. औषध थांबवल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. मनानं थांबवू नका. पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ॲसिडिटीचीसुद्धा, पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा.

वडिलांना आहे, मला होईल का?

बहुधा नाही. बहुतेक रुग्णांमध्ये एकच एक दोषी जनुक सापडत नाही. जवळच्या नात्यात असेल तर धोका थोडा वाढतो, एवढंच. पन्नाशीच्या आत किंवा घरात अनेकांना झाला असेल तर जनुकतपासणीचा विचार होतो. पाश्चात्त्य देशांत बराच आढळणारा एलआरआरके-२ जनुकातला नेहमीचा बदल भारतीयांत क्वचित दिसतो, त्यामुळे तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. मुंबईच्या पारशी वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत दर लाखामागे ३२८ रुग्ण आढळले होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा आजही जगभर उद्धृत होतो.

रक्त तपासून कळतं का?

निदान अजूनही मुख्यतः न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवरच होतं. नवी आशा आहे ती पाठीच्या कण्यातल्या द्रवाच्या चाचणीत. त्यात गाठी करणारं अल्फा-सिन्यूक्लिन किंचित जरी असलं तरी नळीत ते वाढवून पकडता येतं. २०२३ साली १,१२३ जणांवरच्या अभ्यासात तिनं पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांना बरोबर ओळखलं. आजार किती पुढे गेला हे ती सांगत नाही.

स्टेम सेल करून घ्यावं का? ‘पाच लाखांत खात्रीशीर’ अशी जाहिरात बघितली.

जाहिरातीला बळी पडू नका.

खरं काम कुठवर आलं आहे ते सांगते. एप्रिल २०२५ मध्ये दोन छोट्या चाचण्यांचे निकाल आले. जपानमध्ये क्योटोत ७ जणांना, आणि अमेरिका-कॅनडात १२ जणांना, मूळपेशींपासून बनवलेल्या डोपामिन पेशी मेंदूत शस्त्रक्रियेनं बसवल्या. पेशी टिकल्या, ट्यूमर झाले नाहीत, काहींच्या हालचालीत सुधारणा दिसली. मात्र तुलनेचा गट नव्हता, पेशी परक्या असल्यानं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली, आणि मुख्य उद्देश सुरक्षितता बघणं हा होता. कंबरेतून किंवा पोटातून काढलेल्या पेशी शिरेतून टोचणं याच्याशी त्याचं काही नातं नाही. अशा पेशी मेंदूत जाऊन डोपामिनच्या चेतापेशी होत नाहीत.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सनसाठी मूळपेशी देणं हा मान्य उपचार नाही, ते फक्त मंजूर चाचणीतच करता येतं. चाचणी असेल तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कोणालाही बघता येते. दुसरी खूण याहून सोपी: चाचणीत सहभागी होण्यासाठी पैसे मागत असतील तर उठून या.

पुण्यात हे काम बघता येईल का?

विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं. पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत चेतापेशींवर मूलभूत काम चालतं. विज्ञानदिनाच्या सुमारास शहरातल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा या. पेशींच्या खोलीत मात्र काचेबाहेरूनच बघावं लागेल, बुरशीचं वर सांगितलंच आहे. चाकाची खुर्ची असेल तर आधी फोन करून लिफ्टची चौकशी करून ठेवा.

गेल्यानंतर मेंदू संशोधनाला द्यायचा आहे. देहदानाचा फॉर्म भरला की झालं का?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देहदान केलेला देह वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवण्यासाठी रसायनांनी टिकवला जातो. तो अमूल्यच, पण पेशींच्या संशोधनाला तो मेंदू सहसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढून गोठवावा लागतो. अशी मेंदूपेढी बंगळुरूला निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत आहे. अंतर बघता पुण्याहून ते जमणं अवघड, म्हणून इच्छा असेल तर आधीच न्यूरॉलॉजिस्टशी आणि पेढीशी बोला, घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा आणि उपचारांची फाइल जपा. निरोगी जोडीदाराचा मेंदूही तितकाच हवा असतो, कारण तुलनेसाठी निरोगी मेंदूच सगळ्यात कमी मिळतात.